उलटी आली की काढली? गरोदरपण, बाळंतपण आणि बुलिमिया

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय 29, पाचवा महिना चालू आहे. कॉलेजपासून बुलिमिया, म्हणजे कुणाच्या नकळत भरमसाट खायचं आणि मग घशात बोटं घालून सगळं बाहेर काढायचं. लग्नाआधी उपचार घेतले, दोन वर्षं बरी होते. दुसऱ्या महिन्यात मळमळ सुरू झाली आणि त्या आडोशाने जुनी सवय परत आली. आता मळमळ थांबली आहे, पण आठवड्यातून एक-दोनदा अजून होतं. नवऱ्याला अर्धवट माहीत आहे. सासरी कुणाला नाही, गायनॅकना तर नाहीच. बाळाला काही होईल का? डॉक्टरांना सांगावं का? बाळंतपणाला आईकडे गेल्यावर डिंकाच्या लाडवांचं काय करू? आणि शेवटी एक ओळ: ‘डिलिव्हरी झाली की हे आपोआप जाईल ना?’

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. नाशिकात वीसेक वर्षं काम करते आहे, आणि त्यातला बराचसा काळ प्रसूती विभागाला लागून असलेल्या खोलीत बसून. त्यामुळे तुमची ती शेवटची ओळ मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी दुसरा प्रश्न.

हो, डॉक्टरांना सांगा, आणि पुढच्या तपासणीलाच सांगा.

आपल्याकडे उलटीला फार सहज माफी मिळते. ‘पित्त पडलं’ म्हटलं की विषय संपतो. कितीतरी घरांत सकाळी दोन बोटं घालून पित्त काढणारी वडीलधारी माणसं असतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या (ओळख पुसून सांगते) सासूबाई मला म्हणाल्या होत्या, ‘अहो, जेवण झालं की बाथरूमचा नळ सुरू व्हायचा. मला वाटायचं, पित्त प्रकृतीची आहे बिचारी.’ त्या बाई आठ महिने सुनेला कोकम सरबत करून देत होत्या. त्यात गरोदरपण म्हणजे तर उलटीला परवानाच. कुणी विचारणार नाही, उलट पाठीवरून हात फिरवतील.

म्हणूनच डॉक्टरांसमोर ‘उलट्या होतात’ एवढंच म्हणून उपयोग नाही. ते उलटी थांबवण्याची गोळी लिहून देतील. त्यात बऱ्याचदा ऑन्डॅन्सेट्रॉन असतं. उलट्या काढून रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असेल तर या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. डॉक्टर चुकत नसतात, त्यांना अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. मराठीत आपली एक सोय आहे, उलटी ‘येते’ आणि उलटी ‘काढतात’. तुम्हाला फक्त क्रियापद बदलायचं आहे: ‘डॉक्टर, काही उलट्या येत होत्या, आता मी काढते. याचे आधी उपचार झाले आहेत.’ तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून फाइलला टाचा. माझ्याकडच्या निम्म्याजणींनी चिठ्ठीच दिली आहे, एकीने तर सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या मागे लिहून.

एकदा हे कळलं की चांगला डॉक्टर काय करेल? रक्तातले क्षार तपासेल: पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस. सोबत किडनीचं काम, हिमोग्लोबिन, बी-12. गरज वाटली तर एक ईसीजी. वाढीच्या सोनोग्राफ्या कदाचित थोड्या जवळजवळ ठेवेल. डॉक्टर चिडले, ‘निदान बाळाचा तरी विचार कर’ म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही रात्रंदिवस दुसरा कसला विचार केलेला नाही, हे मला इथे बसून दिसतं आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडून गायनॅकच्या नावाने एक पत्र घ्या. डॉक्टरने डॉक्टरला लिहिलेलं गंभीरपणे वाचलं जातं, ही आमच्या धंद्यातली खोड आहे. ती वापरून घ्या.

आता बाळ. खरं तेच सांगते. आईचं वजन आधीपासूनच खूप कमी असेल किंवा दिवस भरत येऊनही वाढत नसेल, तर बाळ वजनाला कमी भरण्याची आणि वेळेआधी जन्मण्याची शक्यता वाढते. वारंवार उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, आणि त्याचा पहिला फटका आईच्या हृदयाला, स्नायूंना बसतो. दुसरीकडे, खाण्याचे आजार असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी बाळं होतात, विशेषतः कुणाला तरी खरं सांगून देखरेखीखाली राहणाऱ्यांना. आतापर्यंत जे झालं त्याचा हिशेब मांडत बसू नका. आठवड्याला दोन वेळाचं एक वेळ झालं तरी बाळाच्या दृष्टीने तो फायदाच आहे.

मात्र काही गोष्टी तपासणीच्या तारखेपर्यंत थांबवायच्या नाहीत. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायांत गोळे किंवा मुंग्या, उलटीत रक्त, दिवसभर लघवी न होणं किंवा ती गडद होणं, पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की उलट्या काढण्याची सवय आहे.

काटा हा वेगळाच विषय आहे. सरकारी असो की खासगी, आपल्याकडे ओपीडीत काटा पॅसेजमध्ये असतो आणि वजन घेणाऱ्या मावशी आकडा मोठ्याने पुकारतात. ‘चौसष्ट!’ समोरच्या बाकावरच्या दहाजणी ऐकतात. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही, पण तुमचा पुढचा आठवडा त्या आकड्याने खाल्लेला असतो. उपाय साधा आहे: काट्यावर पाठ करून उभं राहायचं. मावशींना आधी सांगायचं, ‘आकडा फाइलवर लिहा, मला सांगू नका.’ पहिल्यांदा त्या बघत राहतील, दुसऱ्यांदा सवय होईल. वजन डॉक्टरांना कळणं गरजेचं आहे, तुम्हाला कळणं अजिबात नाही. घरातला काटा नवऱ्याला सांगून माळ्यावर टाका. माळ्यावर म्हणजे बाथरूमच्या कपाटात नव्हे.

तरीही आकडा कानावर पडेलच, म्हणून तो कशाचा बनलेला असतो ते माहीत असू द्या. दिवस राहण्याआधी वजन सर्वसाधारण असेल तर नऊ महिन्यांत 10-12 किलो वाढणं नेहमीचं आहे, थोडं जास्तही चालतं. त्यात बाळ साधारण 3 किलो. वार अर्धा-पाऊण किलो. गर्भजल पाऊण-एक किलो. गर्भाशय स्वतःच वाढून किलोभर. वाढलेलं रक्त सव्वा किलोच्या आसपास. छातीची वाढ अर्धा किलोच्या आत. अंगात साठलेलं जास्तीचं पाणी दीड-दोन किलो. उरलेली तीनेक किलो चरबी. ती शरीर अंगावरच्या दुधासाठी बाजूला काढून ठेवतं, कोठीघरात वर्षाचं धान्य भरावं तशी. एकीला मी हे कागदावर लिहून दिलं होतं. तिने तो कागद चतकोर घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वजनाच्या रांगेत उभी राहून वाचायची. नवव्या महिन्यापर्यंत घड्यांवर फाटला होता.

कॅलरींचे आकडे मात्र मी इथे मुद्दाम देत नाही. दिले तर तुम्ही आज रात्रीच वही काढून बसाल. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की पाचव्या महिन्यात लागतं ते नेहमीपेक्षा एक छोटं खाणं जास्त. दुप्पट नाही.

किती खायचं यापेक्षा केव्हा खायचं हे आपल्या हातात जास्त असतं. बुलिमियावरच्या उपचारात, म्हणजे ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या सीबीटीच्या (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या) पद्धतीत, सुरुवातीलाच खाण्याच्या वेळा बसवतात. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन खाणी, आणि जागेपणी तीन-चार तासांपेक्षा मोठी पोकळी नाही. खा-खा सुटते ती बहुतेक वेळा आधी पोट रिकामं ठेवल्यामुळे. दुपारी ‘फक्त ताक’ पिऊन राहिलेली बाई संध्याकाळी सहाला फरसाणाच्या डब्यासमोर उभी असते, आणि त्याला ती स्वतःचा नालायकपणा म्हणते. तो नालायकपणा नाही, दुपारची पोळी-भाजी आहे. न खाल्लेली.

यात आपल्याकडचा एक खास आडोसा म्हणजे उपास. चतुर्थी, एकादशी, सोमवार, मग नवरात्र. ‘मी काही खाल्लं नाही’ या वाक्याला एरवी प्रश्न येतात, उपासाला शाबासकी मिळते. बऱ्या होत आलेल्या मुलींचा आजार मी सर्वांत जास्त वेळा नवरात्रानंतर उलटलेला पाहिला आहे. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गरोदर बाईला उपासातून सूट आहे हे कुठल्याही आजीला मान्य असतं, तेव्हा ही सूट बिनदिक्कत घ्या, बाळंतपणानंतरचं वर्षभरही. कुणी विचारलं तर डॉक्टरांनी मोडायला सांगितला म्हणा. मी सांगते आहेच.

जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात अवघड असतो. उलटी काढण्याची ऊर्मी लाटेसारखी येते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ बाथरूमपासून लांब आणि कुणाच्या तरी सोबत काढायचा. नवऱ्याला अर्धवट माहीत आहे म्हणता, तर आता पूर्ण सांगा आणि त्याला एवढं एकच काम द्या. त्याने लक्ष ठेवायचं नाही, घास मोजायचे नाहीत, ‘झाली का आज?’ विचारायचं नाही. जेवण झालं की चप्पल घालून म्हणायचं, ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.’ तरीही कधी उलटी काढलीच तर पुढचं खाणं ठरल्या वेळी घ्यायचं, भरपाई म्हणून गाळायचं नाही. आणि लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लाने दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो खरवडला जातो. पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकून चुळा भरा आणि ब्रश तासाभराने.

लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पोट जड वाटलं की तुमच्यासारखीला ते फुगल्यासारखं, म्हणजेच जाड झाल्यासारखं वाटतं, आणि हात कपाटातल्या चूर्णाकडे जातो. ‘पोट साफ’ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत आणि बारीक होण्याच्या चहांत सोनामुखी असते. जुलाबाने चरबी जात नाही. पाणी आणि पोटॅशियम जातं. उलटीने जे होतं तेच, खालच्या वाटेने. डॉक्टरांना सांगून इसबगोल किंवा गरोदरपणात चालणारं दुसरं सौम्य औषध घ्या आणि घरातलं चूर्ण दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. लोहाची गोळी मात्र सोडायची नाही. ज्या वेळी उलटीचा मोह सर्वांत कमी असतो तेव्हा घ्या, बऱ्याचजणींची ती वेळ झोपण्याआधीची असते. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको.

लवकरच तुमची साखरेची तपासणी येईल, 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. आपल्याकडे त्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. बुलिमिया असलेल्या बाईसाठी तो पेला म्हणजे डोंगर. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात, म्हणजे पुन्हा तोच पेला. त्या दिवशी कुणाला तरी सोबत न्या. दोन तास लॅबच्या बाकावरच बसा, तिथल्या बाथरूमच्या रांगेत नव्हे. आणि साखर जास्त निघालीच तर आहारतज्ज्ञांना तुमचा आजार माहीत असायला हवा. ‘हे बंद, ते बंद’ची यादी दुसऱ्या कुणाला पथ्य वाटते. तुमच्या आजाराला ती चालना ठरते.

औषधांबद्दल थोडंच लिहिते, कारण ती समोर बसूनच ठरतात. आधीच्या उपचारातली फ्लुओक्झेटिनसारखी गोळी चालू असेल तर दिवस राहिले म्हणून स्वतःहून एकदम बंद करू नका. गोळीचा धोका आणि आजार उलटण्याचा धोका असे दोन्ही तराजूत घालून ते ठरवायचं असतं. दोन नावं मात्र लक्षात ठेवा. टोपिरामेट: खा-खा कमी करायला काही वेळा देतात, पण गरोदरपणात त्याने बाळाच्या ओठ-टाळूत दोष येण्याचा धोका वाढतो. आणि बुप्रोपिऑन: बुलिमियात त्याने झटके येऊ शकतात, म्हणून ते टाळतात. जुन्या चिठ्ठीवर यातलं काही असेल तर डॉक्टरांना आजच फोन करा.

सातव्यात डोहाळजेवण होईल. झोपाळा, फुलांचे दागिने, ओटी, आणि पंचवीस बायका आळीपाळीने तोंडात घास भरवणार, वर प्रत्येक घासाचा फोटो. मग पेढा की बर्फी. हे टाळता येत नसेल तर आटोपशीर करा. सकाळी नेहमीचं खाऊन जा, रिकाम्या पोटी जाऊ नका. ‘भरवायचं फक्त पाचजणींनी’ असं सासूबाईंकडून वदवून घ्या. कार्यक्रम संपल्यावर तुमच्यासोबत थांबणारी एक मैत्रीण आधीच ठरवा, कारण धोका समारंभात नसतो, पाहुणे गेल्यावरच्या शांततेत असतो.

आता तुमची शेवटची ओळ. डिलिव्हरी झाली की आपोआप जाईल का?

नाही. उलट मला सगळी भीती त्या दिवसांचीच असते.

गरोदरपणात हा आजार अनेकींमध्ये दबतो. नॉर्वेत हजारो गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की आधी बुलिमिया असलेल्या कित्येकजणींची लक्षणं गरोदरपणात थांबली किंवा कमी झाली. (काहींना मात्र भरमसाट खाण्याचा त्रास याच काळात नव्याने सुरू झाला.) कारण समजण्यासारखं आहे. पोट वाढणं या एकाच काळात कौतुकाचं असतं आणि पोटात दुसरं कुणी आहे म्हणून बाई स्वतःला आवरते. बाळ बाहेर आलं की दोन्ही कारणं एका दिवसात संपतात. पोट रिकामं होतं, पण दिसतं सहाव्या महिन्याएवढं, कारण गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात. भेटायला येणाऱ्यांची नजर पाळण्याकडून तुमच्याकडे वळते आणि कुणीतरी म्हणतंच, ‘पोट बांधतेस ना गं?’ आणि तुमच्याबद्दल विचारायला आता कुणी उरलेलं नसतं. नऊ महिने दर भेटीत बीपी, वजन, रक्त. त्यानंतर आईसाठी बहुधा एकच भेट, तीही टाके बघण्यापुरती. बाकी सगळ्या तारखा लसीकरणाच्या.

त्यात झोप नाही. रात्री तीनला पाजून झालं की अंगावर पाजणाऱ्या बाईला जी भूक लागते ती खरी असते, अतिशय खरी. स्वयंपाकघरात अंधार, सगळे झोपलेले, आणि ओट्यावर बाळंतिणीसाठी भरून ठेवलेले डबे. हीच ती जागा, हीच ती वेळ. एकीने मला सांगितलं होतं, की लाडवाचा डबा उघडताना झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ती ओढणीत गुंडाळून उघडायची. सकाळी आई म्हणायची, ‘वा, संपले की गं! आणखी करते.’ आईला आनंद, मुलीला मेल्याहून मेल्यासारखं.

म्हणून डिंकाच्या लाडवांचं उत्तर असं: लाडू शत्रू नाही. डिंक, खारीक, खोबरं, तूप, सगळं खाण्यासारखं आहे आणि पाजणाऱ्या बाईला जास्तीचं खाणं लागतंच, गरोदरपणापेक्षाही जास्त. अडचण एकटेपणाची आणि डब्याची आहे. लाडू डब्यातून खायचा नाही, बशीत यावा. चार वाजता, दुधासोबत, आईच्या समोर बसून. रात्रीसाठी झोपण्याआधीच बशी झाकून उशाशी ठेवायला सांगा: राजगिऱ्याची वडी, केळं, मूठभर शेंगदाणे, पाण्याचा तांब्या. पाजता पाजता तिथेच खायचं. भुकेची सोय उशाशी झाली की रात्री स्वयंपाकघरात जायचं कारण उरत नाही. अळीव, मेथी, बाळंतशोपा यांतलं जे आवडतं ते खा, नावडतं ते नाही म्हणा. त्यावाचून दूध अडत नाही.

पण त्यासाठी आईला माहीत हवं. सगळा इतिहास सांगायची गरज नाही. मी मुलींना तीन वाक्यं पाठ करायला लावते: ‘आई, मला खाण्याचा एक आजार आहे, त्याचे उपचार चालू आहेत. माझ्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नकोस, आणि येणाऱ्यांनाही बोलू देऊ नकोस. मी जेवताना माझ्याजवळ बस.’ तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. आयांना काहीतरी करायला हवं असतं. नुसतं ‘आग्रह करू नकोस’ म्हटलं की त्या दुखावतात, ‘जवळ बस’ म्हटलं की बसतात. काही आया रडतात, काही ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणतात. त्यांना माझ्याकडे पाठवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनाही ते जमेल.

अंगावर पाजण्याने वजन उतरतं, हे वाक्य तुम्हाला दहा जणींकडून ऐकायला मिळेल, आणि तुमचा आजार ते कान टवकारून ऐकेल. पाजणं हे बारीक होण्याचं साधन झालं की बाई खाणं कापते, पंपाने जास्तीचं दूध काढत बसते, आणि पुढे पाजणं सोडवताना तिची घाबरगुंडी उडते. ही चाल ओळखा. आणि उलटही खरं आहे: पाजण्याने तुमची तब्येत ढासळत असेल तर वरचं दूध देणं हा गुन्हा नाही. व्यायामाचंही तेच. आधी शरीर भरून येऊ दे, डॉक्टरांनी सांगितल्यावर चालण्यापासून सुरुवात. ‘तीस दिवसांत पोट सपाट’ असले व्हिडिओ फोनवरून काढून टाका. नटीचं बाळंतपण आणि आपलं बाळंतपण यांच्यामध्ये चार नोकर आणि एक कॅमेरामन असतो.

दुसरं संकट उदासीनतेचं. गोव्यात 270 आयांचा अभ्यास झाला होता, 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या आयांना नैराश्य असल्याचं दिसलं. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं असणं, मुलगी झाल्याची नाराजी, ही त्यामागची कारणं ओळखीचीच आहेत. खाण्याचा आजार असलेल्या बाईला हा धोका आणखी जास्त. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही मन वर येत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर थांबू नका. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा फोन चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. दाखल व्हावं लागलं तरी बाळ हिसकावून घेतील या भीतीने लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तीही तेवढ्यापुरती.

सहाव्या महिन्यात उष्टावण होईल, आणि तिथे हा आजार नव्या वेशात येतो. बाळ भात केसांना फासतं, अर्धं थुंकतं, आणि आईच्या अंगावर काटा येतो. ती चमचा घट्ट धरते, दर घासाला तोंड पुसते, ‘एवढं पुरे’ किंवा ‘एवढं खाच’ ठरवून टाकते. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलन स्टाइन यांच्या गटाने अशा आयांचे भरवतानाचे व्हिडिओ काढून त्यांनाच दाखवले, तेव्हा जेवतानाची ओढाताण कमी झाली. मी तेच मोबाइलवर करते. पाच मिनिटांची फीत, आई आणि मी शेजारी बसून बघतो. गेल्या वर्षी एक आई मध्येच म्हणाली, ‘थांबवा. तो माझ्याकडे बघतोय, आणि मी वाटीकडे.’ मला काही सांगावं लागलं नाही.

तर आता करायचं काय? मानसोपचारतज्ज्ञांची बाळंतपणानंतरची वेळ आजच घेऊन ठेवा. एक दुसऱ्या आठवड्यातली, एक सहाव्या आठवड्यातली आणि एक तिसऱ्या महिन्यातली. माहेर लांब असेल तर व्हिडिओवर. तारखा तुमच्या फोनमध्ये टाकू नका, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये टाका. त्या आठवड्यात तुम्ही नक्की म्हणाल की ‘आता बरी आहे मी, कशाला जायचं, बाळ लहान आहे.’ त्यांनी तेव्हा रिक्षा बोलवायची आणि बाळाला सोबत घ्यायचं. आमच्या खोलीत पाळणा आहे.